घरदुरुस्तीची वही : मार्च ते जून २०२५

९ मार्च, रविवार

कूलर माळ्यावरून काढून ओसरीत मांडला. टाकीत चार बादल्या पाणी टाकलं आणि सुरू केला. पाणी वर चढतंय का पाहायला आईंनी ताटीला हात लावला आणि "अवं माय वं" करत मागे झाल्या. हे आतूनच म्हणाले, "पत्र्याच्या कूलरले थोडी झुणझुणी राह्यतेच."

राहते खरी. मागच्या उन्हाळ्यातही होती. मी चप्पल घालून हात लावायला शिकले होते, एवढंच.

टेस्टर लावला तर पत्र्यावर दिवा लागला. कूलरचा प्लग तीन पिनांचा आहे. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर वरच्या मोठ्या भोकामागे गळका करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायरच नाही. मग घरभर हिंडून सगळे बोर्ड उघडले. अकरापैकी आठ तसेच. म्हणजे अकरा वर्षं आपण तिसरी पिन शोभेसाठी खुपसत होतो.

कूलर बंद. सध्या पंख्यावर भागवायचं.

१३ मार्च, होळी

पुरण शिजत होतं तेवढ्यात यादी केली. १) सगळ्या घराची वायरिंग नव्यानं, अर्थिंगसह. २) महावितरणकडून मंजूर भार १ किलोवॅटवरून ३ किलोवॅट करून घेणे. ३) मागच्या खोलीला लागून संडास-बाथरूम. आईंच्या गुडघ्यांना आता अंगण ओलांडवत नाही. ४) स्लॅबवर हजार लिटरची टाकी. ५) स्वयंपाकघराच्या भिंतीचा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीत चढलेला खार. ६) रंग.

हे म्हणाले, एकालाच देऊन टाकू, डोक्याला ताप नाही. २०१४ ला तेच केलं होतं. एकच ठेकेदार, 'पाया ते पंखा' सगळं त्याच्याकडे. माणूस मुळात मिस्त्री. बांधकाम त्यानं चांगलं केलं, भिंती आजही ओळंब्यात आहेत. वायरिंग मात्र त्याच्या मामाच्या पोराकडून करून घेतली. त्या पोराचं नावही आम्ही विचारलं नव्हतं. पैसे एकाच हातात दिले की पुढचे हात कोणाचे, ते दिसत नाही.

यंदा ज्याचं काम त्यालाच. डोक्याला ताप झाला तर माझ्या.

१७ मार्च

सुरुवात विजेपासून, कारण आपल्या गावापर्यंत परवान्याचा कागद पोचतो असं हे एकच काम. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला कोणी चालतं. पण वायरिंग करायची, वाढवायची किंवा बदलायची तर शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार लागतो, देखरेखीला प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक लागतो आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना लागतो. कागद तीन, आणि तिन्हींवर मुदत असते. नवीन जोडणीला किंवा भार वाढवायला जो टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर ठेकेदाराची सही आणि परवाना क्रमांक असतो.

गावात 'वायरमन' म्हणून तिघांची नावं निघाली. एक पंपाच्या मोटारी भरतो, एक मंडपाची लायटिंग करतो, तिसरा फक्त खांबावर चढतो. परवाना एकाकडेही नाही. मोटारी भरणारा मोकळा माणूस आहे. म्हणाला, "मॅडम, माह्याजवळ आयटीआयची सनद आहे, तारतंत्रीची. परमिट काढाचं राह्यलं ते राह्यलंच." सनद आणि परवाना वेगळे, हे त्यानं स्वतः सांगितलं म्हणून तो मला आवडला.

तालुक्याहून एकानं व्हॉट्सॲपवर परवान्याचा फोटो पाठवला. मोठा करून पाहिला तर मुदत २०२२ ला संपलेली, नावही दुसऱ्याचं. फोन केला.

"तो भाऊ आपलाच आहे मॅडम. सही त्याची, काम माह्या पोट्ट्याईचं."

"मग ते पाहायला येतील ना?"

"ते अमरावतीले राह्यतात. सहीचे दोन हजार वेगळे."

नको म्हणून सांगितलं. सही विकत मिळते, एवढं कळलं. मुदत सरली तरी फोटो फिरतच राहतो, हेही.

२३ मार्च, रविवार

दर्यापूरहून दुसरे ठेकेदार आले. पन्नाशीचे, सोबत एक मुलगा. न मागता पिशवीतून प्लास्टिकच्या खोळीतले कागद काढले. ठेकेदाराचा परवाना स्वतःच्या नावचा, मुलाकडे वायरमनचा. मी नंबर आणि मुदती वहीत उतरवून घेतल्या. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "उतरवा. माह्या नावानं दुसरा कोणी रिपोर्ट देत असंन तर मलेही कळलं पाहिजे."

मग मेगर काढलं. खाकी पेटी, हाताने फिरवायचा दांडा. मेन बंद, सगळे बल्ब-प्लग काढलेले. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये पाचशे व्होल्ट देऊन वायरचं आवरण किती शाबूत आहे, ते हे यंत्र सांगतं. किमान एक मेगओहम यायला हवा. पुढच्या खोलीत काटा बरा थांबला. स्वयंपाकघराच्या फेऱ्यात (सर्किटमध्ये) मात्र शून्याजवळच लोळत राहिला. भिंतीत लोणा, लोण्याला ओल, ओलीत वायर. ठेकेदार भाऊंनी भिंतीला हात लावून बोट चाटलं. "खारट," म्हणाले. आपल्या खारपाणपट्ट्यात वायरिंग तपासायची हीसुद्धा एक रीत दिसते.

कूलरचं कोडंही त्यांनीच सोडवलं. पंपाच्या वायरीचं आवरण कुरतडल्यासारखं झालंय, तिथून थोडा करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. "थोडासा करंट गळून राह्यला तर एमसीबीले पत्ताच लागत नाही. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही." एमसीबी म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. माणसासाठी आरसीसीबी लागतं. जाणारा आणि परत येणारा करंट यांत तीस मिलिअँपियरचा फरक पडला की ते सप्लाय तोडतं. आपल्या घरी ते नाहीच.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून दहा वाजता कागदावर बोलणी. अंदाज न म्हणता यादी मागितली. पॉइंट किती, त्यातले दिव्याचे किती, प्लगचे किती. दिव्यांना दीड चौरस मिमी, प्लगांना अडीच, गिझरला चार. वायर आयएसआय शिक्क्याची, बंडल माझ्यासमोर फोडायचं. हिरवी (अर्थिंगची) वायर प्रत्येक बोर्डात. माल आम्ही घेणार, बिल आमच्या नावावर. मजुरी पॉइंटमागे. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावर.

भिंतीत झिरी (खाच) मारतील, त्यात वायरीचे पाइप बसवतील. झिऱ्या बुजवायचं काम कोणाचं, ते लिहिलं नाही. तेव्हा सुचलं नाही.

५ एप्रिल

शाळा सकाळची, त्यामुळे साडेअकराला घरी. मुलानं मीटरखालची जुनी अर्थिंग खोदायला घेतली होती. भिंतीवरून जीआयची (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) जाड तार जमिनीत गेलेली. फूटभर खणलं आणि ओढलं तर तार सरळ हातात आली. खाली प्लेट नाही, पाइप नाही, कोळसा नाही. नऊ इंच तार आणि टोक गंजून शिसपेन्सिलीसारखं निमुळतं झालेलं. पोरानं ती माझ्या हातात ठेवली. मी अंगठ्यानं दाबली तर पापुद्रे सुटले.

२०१४ च्या बिलात 'अर्थिंग पूर्ण' अशी ओळ आहे. बिल अजून आहे. तारही आता त्याच पाकिटात ठेवली.

भाऊ म्हणाले, आपल्या मातीत दोन्ही बाजूंनी गंमत आहे. मातीतच मीठ म्हणून अर्थिंगचं रीडिंग झकास येतं, आणि तेच मीठ लोखंड खातं. इतरत्र खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात, इथे लोखंड वाचवायची काळजी. तांब्याचा थर दिलेला तीन मीटरचा रॉड ठोकला, वर झाकणाची चेंबर. अर्थ टेस्टरवर दोन ओहमच्या आत आलं, जितकं कमी तितकं चांगलं. आणखी एक रॉड बाथरूमच्या बाजूला टाकून दोन्ही जोडले. चेंबरवर तुळशीची कुंडी ठेवू नका, दरवर्षी उन्हाळ्यात उघडून नट पाहायचा आहे, असं आईंना त्यांनीच सांगितलं. आईंनी कुंडी तिथेच ठेवायचं ठरवलं होतं, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

९ एप्रिल

घरात धूळ, भांड्यांत धूळ, भातात धूळ. झिऱ्या पूर्ण.

११ एप्रिल

बाथरूमसाठी ठरवलेले नवे मिस्त्री आले. भिंती पाहून म्हणाले, "हे कोणं फोडलं?" झिऱ्या कोण बुजवणार, यावर अर्धा तास. ठेकेदार भाऊंचं म्हणणं, आम्ही पाइप खिळ्यानं पक्का करतो, सिमेंट मिस्त्रीचं. मिस्त्रींचं म्हणणं, माझ्याशी बोलणी बाथरूमची झाली. दोघांचंही बरोबर. चुकले मी. दोन दिवसांची मिस्त्री-रेजाची मजुरी जास्तीची गेली, आणि स्वयंपाकघरातल्या झिऱ्या बुजवण्याआधी तिथलं सगळं जुनं प्लास्टर छातीपर्यंत खरवडून काढावं लागलं. ते तसंही काढायचंच होतं. लोण्यावर नवं प्लास्टर चढवलं की दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगतं.

१५ एप्रिल

मिस्त्रींनाही कागद विचारला. सवयच लागली. त्यांनी खिशातून बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं कार्ड काढलं. "हे घ्या माहं लायसन." ते लायसन्स नाही. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराची ती नोंदणी आहे. त्यातून पोरांची शिष्यवृत्ती, भांड्यांचा संच असं काही मिळतं. हातात कसब आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही. पण नूतनीकरण कधी आहे, ते मी पाहून दिलं. मुदत पुढच्या महिन्यात संपत होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

गवंड्याला परवाना नाही, म्हणून त्यांनी बांधलेली दोन संडास-बाथरूम पाहून आले. एक यंदाचं, एक सहा वर्षांपूर्वीचं. मला बघायचं होतं ते सहा वर्षांपूर्वीचं. ज्यांच्या घरचं, त्या काकूंनी बादलीभर पाणी ओतून दाखवलं. पाणी कुठे न थबकता जाळीकडे गेलं. नव्या आणि जुन्या भिंतीच्या सांध्याला मात्र वरून खाली भेग होती. काळ्या मातीत जुनी भिंत बसून गेलेली असते आणि नवी अजून हलते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. यंदा मिस्त्री स्वतःच म्हणाले, पाया कडक थरापर्यंत नेऊ, मुरूम भरू, आणि जुन्या भिंतीत विटांचे दात देऊन गुंतवायला नको, सांधा मोकळा ठेवून वरून पट्टी मारू. मागच्या कामाची भेग त्यांना पाठ होती.

२१ एप्रिल

पाण्यावरून भांडण. नळ एक दिवसाआड, म्हणून मिस्त्रींच्या माणसानं विहिरीवर पंप लावला. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात बाथरूमचा स्लॅब! ग्रामपंचायतीकडे आमच्या विहिरीच्या पाण्याचा जुना तपासणी अहवाल होता. क्लोराइड लिटरला अकराशे मिलिग्रॅमच्या वर. काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, सळई असलेल्या काँक्रीटला पाचशेपर्यंतच चालवतं. सळई नसेल तर दोन हजार. कागद दाखवला. मिस्त्री म्हणाले, "बाई, गावातली अर्धी घरं याच पाण्यात उभी आहेत." मी म्हटलं, त्याच घरांच्या छतांतून सळया बाहेर आल्यात, वर मान करून पाहा. ते हसले, पण पंप काढला.

शहानूर धरणाचं नळाचं पाणी दोन ड्रममध्ये साठवून स्लॅब टाकला. पुढचे दिवस पाणी मारायलाही तेच. बारदान ओलं ठेवायचं काम ह्यांच्याकडे.

२ मे

शाळेला सुट्टी. प्लंबर आला, वय पंचवीस, कामाला चटपटीत. शहरात महापालिकेचे परवानाधारक प्लंबर असतात, आपल्याकडे तसं काही नाही. म्हणून एकच अट घातली. प्लास्टरच्या आधी लाइन भरून, टोकं बंद करून, रात्रभर दाबाखाली ठेवायची. त्यानं कुरकुर न करता पंप लावला. सकाळी काटा उतरलेला. गरम पाण्याच्या लाइनला एका एल्बोत (वळणाच्या जोडात) थेंब धरला होता. सीपीव्हीसीला (गरम पाण्याच्या पाइपला) यूपीव्हीसीचं (थंड पाण्याच्या पाइपचं) चिकटवायचं सोल्युशन वापरलं होतं. डबी संपली म्हणून. ते त्यानंच कबूल केलं. टाइल्स लागल्यावर हे कळलं असतं तर नवी भिंत फोडावी लागली असती.

१० मे

टाकी बसली. बाथरूमच्या टाइल्स पूर्ण. आरसीसीबी बसवलं आणि ते दिवसातून चारदा पडायला लागलं. मिक्सर लावला की पडलं, इन्व्हर्टरवर गेलं की पडलं. हे म्हणाले, काढून टाका, आधी बरं होतं. आधी बरं नव्हतं, फक्त गप्प होतं.

भाऊंना फोन केला, दुसऱ्या दिवशी आले. इन्व्हर्टरचा न्यूट्रल (करंट परत येणारी वायर) जुन्या पद्धतीनं घरच्या न्यूट्रलमध्ये पिळलेला. करंट एका वाटेनं जातो, दुसऱ्या वाटेनं परत येतो. आरसीसीबीला ती गळती वाटते. न्यूट्रल वेगळे केले, तेव्हापासून शांत. या फेरीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. "वायरिंग माही, तं हेही माहंच."

१४ मे

रात्री अवकाळी. विजा, वारा, दीड तास पाऊस. सकाळी डीबीच्या (सगळे खटके असलेल्या मुख्य पेटीच्या) झाकणाखाली ओघळ. तो पुसायच्या आधी मेन पाडला.

टाकीच्या पाइपसाठी प्लंबरनं स्लॅबला भोक पाडलं होतं. त्याच भोकातून भाऊंच्या मुलानं टाकीच्या फ्लोट स्विचची (पाण्याच्या पातळीनुसार मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचची) वायर नेली, एकच भोक बरं म्हणून. मिस्त्रींचं वरचं काम तोवर संपलेलं. वायरीचा पाइप थेट डीबीत उतरतो, म्हणजे पावसाला आम्हीच नळी जोडून दिली होती.

तिघांना फोन केला. प्लंबर म्हणाला, भोक माझं, पण वॉटरप्रूफिंग मिस्त्रीचं. मिस्त्री म्हणाले, मला कोणी सांगितलंच नाही. भाऊ म्हणाले, वायर नंतर गेली, मी बुजवलं असतं तर पाइप हलला असता. झिऱ्यांचंच भांडण, फक्त छतावर.

१६ मे

तिघांनाही एकाच वेळी बोलावलं. आईंनी चहा केला. शेवटी ठरलं ते असं. वायरीचा पाइप वेगळा, भिंतीबाहेरून, डीबीत खालून शिरणार, हे भाऊंकडे. भोकाभोवती खोदून, पाइपला गळपट्टी घालून, वॉटरप्रूफिंगचं रसायन मिसळलेला माल भरून वर उंचवटा, हे मिस्त्रींकडे, अर्ध्या दिवसाची मजुरी प्लंबर देणार. प्लंबरचे दोन हजार मोठा पाऊस होईपर्यंत माझ्याकडे. तो म्हणाला, "म्हणजे पावसाळ्यापर्यंत?" मी म्हटलं, लांब नाही.

वहीच्या पहिल्या पानावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या : जो भोक पाडेल तो बुजवेल, किंवा कोण बुजवणार ते भोक पाडायच्या आधी सांगेल. हे ३० मार्चलाच लिहायला हवं होतं.

२९ मे

मेगर पुन्हा. स्वयंपाकघराचा काटा यावेळी वर जाऊन थांबला. टेस्ट रिपोर्ट मिळाला. सही ठेकेदारांची स्वतःची, माझ्यासमोर, चारपाईवर बसून. भार वाढीचा अर्ज ऑनलाइन भरला. वायरिंगचा शेवटचा हप्ता दिला.

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. हे काम आईंनी मागून घेतलं. एकादशीला दाबणार म्हणाल्या. एकादशी महिन्यात दोनदा येते. चालेल.

७ जून

सोलरवाला आला. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, ते खरं. पण विक्रेता पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो, आणि ह्यानं स्वतःचं नाव न दाखवता 'आपल्याच माणसाचं' नाव दाखवलं. मार्चमधला फोन आठवला. वरून म्हणाला, घरातली वायरिंग पण आम्हीच करून देऊ, सगळं एकातच. हे माझ्याकडे पाहून हसले.

पुढच्या वर्षी बघू. रंगाचंही थांबवलं. स्वयंपाकघराची भिंत पुरती वाळल्याशिवाय रंग नको, दिवाळीनंतर.

२५ जून

शाळा परवा उघडली. काल रात्रभर पाऊस. पहाटे उठून बॅटरीच्या उजेडात डीबी उघडला. कोरडा. स्लॅबवर जाऊन पाइपाभोवती बोट फिरवलं, खाली येऊन बाथरूमचं छत पाहिलं. कुठे डाग नाही. जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्याला पट्टीखाली केसाएवढी रेघ आहे. पेन्सिलीनं तिच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख टाकली.

प्लंबरला दोन हजार दिले.